आईची जागा

नाटक बसवणं म्हणजे मुख्यतः माणसांची वाट बघत बसणं. घाटकोपरच्या एका शाळेचा हॉल आम्हाला संध्याकाळचा मिळाला होता. मुलं घरी गेली तरी खिचडीचा वास मागे राहायचा. बाकं आम्हीच भिंतीला लावायची आणि तालीम संपली की आम्हीच परत ओळीत मांडायची. गार्गी, आमची दिग्दर्शिका, अंधेरीचं ऑफिस उरकून यायची आणि चपला काढून थोडा वेळ नुसती बसून राहायची. नाटक आणि गाणी लिहिणारा यज्ञेश मालाडहून यायचा. पोचेपर्यंत त्याचा चेहरा पिळून टाकलेल्या कपड्यासारखा झालेला असायचा. मी मुलुंडचा, त्यातल्या त्यात जवळचा, म्हणून हॉलची किल्ली माझ्या गळ्यात पडली होती.

संगीत माझं. ऑर्गनही मीच वाजवतो. पोटापाण्यासाठी मी जाहिरातींचे आवाज साफ करतो. कुणाचा खोकला काढ, कुणाच्या मागचा पंखा काढ. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रत्येक आवाजाची रेघ दिसते, आणि ज्याची रेघ नाही तो आवाज नाही, असं माझं साधं सरळ मत होतं.

नाटक नवं होतं, पण जुन्या वळणाचं, गाण्यांचं. घाटकोपरमधली एक चाळ पाडायची आहे, सगळे निघालेत, आणि एक आई घर सोडायला तयार नाही. लेक तिला न्यायला येते. शेवटच्या अंकात आई तांदूळ निवडता निवडता गाते, ‘कडी नको गं लावू, मी मागून येते.’ आईचं काम स्वरदा करणार होती. स्वरदा माझी बायको. ती चाल मी तिच्या आवाजावरच बांधली होती. वरच्या पंचमाला तो किंचित चिरतो आणि मग सरळ होतो, त्या चिरण्यावर माझा जीव होता.

ऐन तालमींच्या धामधुमीत तिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली, पण आवाजाच्या नसेला धक्का बसला. शुद्धीवर आल्यावर तिनं मला हाक मारली तेव्हा तोंडातून नुसती हवा आली. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, किंवा नाहीही येणार, काही महिने वाट बघा. गायचं मात्र नाव काढू नका. त्यानंतर मला नाटकाचं खरं म्हणजे काही पडलं नव्हतं. मला तो आवाज परत घरात हवा होता, बस.

पण मुलुंडच्या नाट्यगृहातली रविवार दुपारची तारीख ठरून गेली होती. आम्ही तिच्या जागी दोघीजणींना घेऊन बघितलं. एक सुरेख गायची, पण उभी राहायची खांबासारखी. दुसरीला अभिनय यायचा आणि सुराशी तिचं जुनं भांडण होतं. आईचं कामच काढून टाकायचं तर यज्ञेशला अर्धं नाटक पुन्हा लिहावं लागणार होतं आणि त्याच्यात तेवढी ताकद उरली नव्हती. आमच्यात रीत अशी की नट आला नाही तर दुसरं कुणीतरी त्याच्या जागी उभं राहून वाक्यं वाचतं. जागा मोकळी सोडत नाहीत. गार्गीनं सोडली. म्हणाली, आई आहे, फक्त ती दिसत नाही. आईचा पाट रिकामा ठेवायचा, लेक तिच्याशी बोलते, त्या पाटासमोर बसते. गाण्याच्या वेळी नुसता ऑर्गन आणि तबला. आम्ही सगळे हो म्हणालो. ते काही कलेचं धाडस वगैरे नव्हतं. सगळ्यांना घरी जायचं होतं.

पहिल्या काही तालमी जशा व्हायच्या तशाच झाल्या, ओशाळवाण्या. लेकीचं काम करणारी जान्हवी रिकाम्या पाटाकडे बघून बोलायची आणि मध्येच हसायची. मग तिचं हसणं थांबलं. मग बाकीची मंडळी रंगमंचावरून जाताना त्या पाटाला वळसा घालायला लागली. दिग्दर्शिकेनं सांगितलं नव्हतं. मला वाटलं, चला, सवय झाली.

एकदा गाण्याच्या तिसऱ्या ओळीआधी तबला थांबला. किंचितच, पण थांबला. सहदेव आमचा तबलजी, भांडुपचा, वाजवण्यात घड्याळासारखा माणूस. मी विचारलं, कुठे अडखळलास?

“अडखळूक नाय,” तो म्हणाला. “वैनी थंय श्वास घेतत, म्हणान थांबलंय.” बोलून झाल्यावर तो तबल्याची वादी उगाच चाचपत बसला.

स्वरदा तिथे श्वास घ्यायची हे खरंच होतं. मी म्हटलं, असेल, हाताला लागलेलं वळण.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी गार्गी जान्हवीला म्हणाली, “इतकी पुढे सरकू नकोस गं, तिचा पदर दाबला जातोय.” हॉलमध्ये कुणी हसलं नाही. जान्हवी निमूट मागे सरकली. बाहेर वारा फिरला होता, कांजूरच्या कचरा डेपोचा वास खिडकीतून आत आला, तरी उठून खिडकी लावावी असं कुणाला वाटलं नाही.

मी माझ्या पद्धतीनं गेलो. तालीम फोनवर रेकॉर्ड केली आणि घरी पडद्यावर उघडली. ऑर्गन, तबला, पंखा, रस्त्यावरचा एक हॉर्न. आणखी काहीही नाही. पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की गाण्याच्या ओळींवर माझा ऑर्गन दबलेला आहे आणि ओळ संपली की वर येतो. गायकाची साथ करताना हात असाच चालतो. आणि मी तर एकट्यानं चाल वाजवायची असं ठरलं होतं. ती फाइल मी बंद केली आणि पुन्हा उघडली नाही.

घरी वेगळंच चाललं होतं. तालीम झाली की दुसऱ्या दिवशी स्वरदाचा आवाज आणखी बसलेला असायचा. ओठ हलायचे, त्यातून थोडी कुजबुज यायची, मला पुढे वाकून ऐकावं लागायचं. तपासणीला गेलो तर डॉक्टर कॅमेऱ्यात बघून खूश. स्वरतंतू हलायला लागलाय, बोलणंही बऱ्यापैकी मोकळं झालंय, म्हणाले. मला त्यांचा रागच आला. बोरिवलीहून सासूबाईंचा फोन आला, आज स्वरदा किती स्वच्छ बोलली म्हणून. सासूबाईंना लेकीचं सगळंच स्वच्छ वाटतं, मी मनात म्हटलं.

मग गार्गी तापानं आडवी झाली आणि आठवडाभर तालीम बंद पडली. त्या आठवड्यात एका सकाळी मी दाढी करत होतो आणि स्वयंपाकघरातून हाक आली, “सुबोध, दूध बघ रे, उतू जातंय.” पूर्वीचाच आवाज, थोडा खरखरीत, पण तोच. मी जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याला धरून रडलो. साबण लागलेल्या तोंडानं. ती हसत होती. मला ते हसणंही ऐकू येत होतं.

गार्गी बरी झाली. तालीम झाली. दुसऱ्या सकाळी स्वरदाच्या तोंडून पुन्हा नुसती हवा.

तोवर मला कळून चुकलं होतं, किंवा मला तसं वाटलं. हे गाणं तिच्यातून काहीतरी काढून नेतं. याला पुरावा नव्हता, रेघ नव्हती, पण मी काही न्यायाधीश नव्हे. शाळेबाहेरच्या चहाच्या टपरीवर मी गार्गी आणि यज्ञेशला सांगितलं की गाणं काढा. का, ते सांगता येईना. गार्गी म्हणाली, सगळं नाटक त्या गाण्यावर उभं आहे, आता काढलं तर वाट लागेल. मी म्हटलं, अरे, गाणं आहे कुठे? नुसता ऑर्गन वाजतो तिथे.

यज्ञेशनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

“तुला खरंच ऐकू येत नाही?” त्यानं विचारलं.

मी गार्गीकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती. “आम्हाला वाटलं, तुला त्याबद्दल बोलायचं नाहीये,” ती म्हणाली. “म्हणून आम्ही पण गप्प राहिलो.”

चहाचे पैसे देऊन आम्ही उठलो. सगळे दमले होते, आणि दमलेल्या माणसाला कुठल्याही गोष्टीची सवय होते. मी एवढंच ठरवलं की प्रयोगात आपण ते गाणं वाजवायचं नाही. बोंब झाली तर झाली. स्वरदाचा उरलासुरला आवाज मी नाटकाच्या स्वाधीन करणार नव्हतो.

रविवारी निघताना स्वरदा दारात उभी राहून काहीतरी सांगायला लागली. मी तिच्या ओठांवर बोट ठेवलं. बोलू नकोस, त्रास होतो तुला, म्हटलं. तिनं माझा हात बाजूला केला.

“तू मला सारखं गप्प का करतोस रे?” मी पुढे वाकलो होतो तरी मला ते अर्धं ओठांवरूनच समजलं. नाट्यगृहातला एसी आणि धूळ नको म्हणून तिनं घरीच थांबायचं ठरलं होतं. मी चपला घातल्या आणि निघालो.

नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं. दुपारचं जेवून आलेली, थोडी सुस्तावलेली मंडळी. पहिला अंक बरा गेला. मध्यंतरात वडे संपले म्हणून कुरबुर झाली. शेवटच्या अंकात दिवे उतरले, रिकाम्या पाटावर पिवळा उजेड आला. जान्हवी पाटासमोर बसली.

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सहदेवनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही. तो थोडा थांबला, आणि त्याचा हात तबल्यावर पडला. विलंबित ठेका. बाकी हॉलमध्ये काही नाही. मला दिव्यांची घरघर ऐकू येत होती.

तिसऱ्या ओळीआधी तबला थांबला आणि पुढे गेला.

पहिल्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. तिच्या शेजारचे गृहस्थ डोळे मिटून मान हलवत होते, आणि ती मान सहदेवच्या ठेक्यावर नव्हती. ती चालीवर हलत होती. माझ्या चालीवर. वरच्या पंचमाला त्यांच्या तोंडून ‘वा’ निघालं.

ठेका संपला. टाळ्या पडल्या. आणि मागून कुणीतरी ओरडलं, “वन्स मोअर!”

मग बाल्कनीतून. मग सगळीकडून.

वन्स मोअर मिळाला की सूर ऑर्गननं द्यायचा. ते माझं काम. सहदेव बघत होता. विंगेतून गार्गी बघत होती. जान्हवी पाटासमोरून मान वळवून बघत होती, आणि तिच्या नजरेत विनवणी होती.

मी नाही म्हणू शकलो असतो. पडदा पाडायला लावू शकलो असतो. पण त्या सगळ्या हॉलमध्ये तिला न ऐकलेला मी एकटा होतो. मी, जो तिचा नवरा. मला फार एकटं वाटलं, आणि मला मत्सरही वाटला, त्या पदर लावणाऱ्या बाईचासुद्धा.

एकदाच, असं मी मनात म्हटलं. मलाही.

मी सूर दिला.

आणि ती गायला लागली.

पाटाच्या जागेवरून, बसलेल्या बाईच्या उंचीवरून. खरखर नाही, हवा नाही. लग्नाआधीचा आवाज. माझे हात आपोआप दबले. तिसऱ्या ओळीआधी तिनं श्वास घेतला, तो मी ऐकला. वरच्या पंचमाला आवाज किंचित चिरला आणि सरळ झाला. मी अधाशासारखा ऐकत होतो. मला वाटतं मी वाजवतानाच रडत होतो, आणि मला कशाचीही भीती वाटत नव्हती.

पडदा पडल्यावर सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी कुणासाठी थांबलो नाही.

घर जवळच. संध्याकाळ व्हायची होती. दार उघडंच होतं. आत शेजारच्या वनमालाकाकू हातात खिरीची वाटी घेऊन सोफ्यावर बसल्या होत्या आणि स्वरदा त्यांच्याशी बोलत होती. तिचे ओठ हलत होते. वाकून ऐकण्यासारखी कुजबुजही नव्हती, हवाही नव्हती.

“नाही गं, साखर अगदी बेताची आहे,” काकू तिला म्हणाल्या. मग ओठ पुन्हा हलले आणि काकू जोरात हसल्या.

मला काकूंचं हसणं ऐकू आलं. वाटीला लागलेला चमचा ऐकू आला. खाली कुणीतरी स्कूटर लावत होतं, तेही.

“बघा, आला की नाही आवाज,” काकू मला म्हणाल्या. “आता दुपारी गात होती. किती दिवसांनी! मी जिन्यातच उभी राहिले. म्हटलं, मध्ये जाऊन थांबवायला नको. दोनदा म्हटलं हो तिनं ते गाणं.”

स्वरदा उठून माझ्याजवळ आली. चेहरा नुसता फुललेला. तिनं माझा हात धरला आणि ती काहीतरी सांगायला लागली, भराभर, खूप दिवसांचं साठलेलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ओठांवरून एखादा शब्द लागतोय का बघत होतो, पण ती फार वेगानं बोलत होती. मग ती थांबली. भुवया वर झाल्या. काहीतरी विचारलं होतं.

काकू कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. “सांगा ना,” त्या म्हणाल्या. “इतकं मनापासून विचारतेय ती.”

मी अंदाजानं, हसून म्हटलं, “हो.”

स्वरदानं माझा हात सोडला. वनमालाकाकूंनी अर्धी राहिलेली खीर टीपॉयवर ठेवली, आणि माझ्याकडे न बघता दारात जाऊन आपल्या चपला शोधायला लागल्या.