अकरा सेकंदांची सरकफळी

"बसथांबा सदतीस बंद होत नाहीये, सर. फक्त तिथली सरकफळी जातेय," असं म्हणून डॉ. नाझनीन जमादारांनी पडद्यावरचा सांगली-मिरजेचा नकाशा मोठा केला.

भूपालराव मगदूम पडद्याजवळ सरकले. कोणत्या थांब्याला कसली बस पाठवायची हे स्वतःच शिकून ठरवणारा गरजमापक हे त्यांचंच अपत्य. सहा वर्षांपूर्वी तो याच प्रयोगशाळेत तयार झाला, तेव्हा बाप झाल्यासारखे पेढे वाटले होते त्यांनी. आणि थांबा सदतीस त्यांच्या घरासमोरचा. तिथूनच त्यांची थोरली बहीण पद्माक्का चाकांच्या खुर्चीतून रोज मिरजेला सतारीच्या कारखान्यात जायची. सतारीच्या तारांखालच्या घोडीवर कानस फिरवून जवारी, म्हणजे सुराची गुंजणारी आस, काढणारे हात आता मोजकेच उरले होते, आणि त्यांतले दोन अक्काचे होते.

"अहो, माझी बहीण रोज चढते तिथून!"

"चढतात. पण फळीवरून नाही." नाझनीनबाई शांतपणे सांगू लागल्या. "खुर्ची दिसली की फळी दारातून बाहेर येऊन जमिनीला टेकते. त्याला अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात खुर्चीची चाकं जमिनीवरून सुटली, तर कुणाचा पाय सापडू नये म्हणून फळी परत आत जाते आणि नोंद होते, गरज नाही. सलग पाच वर्षं, चढणाऱ्यांपैकी एकानेही फळी वापरली नाही, तर ती रुंद दाराची बस दुसऱ्या थांब्याला मिळते. सदतीसची मोजणी उद्या सकाळच्या नऊच्या बसला संपतेय."

"परवापासून?"

"अरुंद दाराची बस. तिच्यात ही खुर्ची शिरणार नाही, कितीही जणांनी उचलली तरी."

"आणि फळीच नसेल, तर तिची गरज पुन्हा मोजली जाणार कशी?"

"नाही मोजली जाणार. आकडा कायमचा शून्य."

"मग हाताने दुरुस्त करा ना!"

नाझनीनबाईंनी नजर खाली वळवली. "माणसाचा हात लागायचा नाही, हे कलम तुम्हीच घातलंत सर. नाहीतर जो तो नगरसेवक आपल्या दारात बस उभी करील, असं म्हणाला होतात. तेव्हा पटलंही होतं मला. पण तुमच्या बहिणीला रोज उचलतं तरी कोण?"

त्यासाठी बसमधल्या कॅमेऱ्याची चित्रफीत बघायची गरज नव्हती. पुढची चाकं भूपालराव स्वतः उचलायचे. ऑफिसची घाई, मागे खोळंबलेली माणसं, आणि अकरा सेकंद त्यांना फार वाटायचे. फळीचा वेग त्यांनीच ठरवला होता, पण ती टेकेपर्यंत ते एकदाही थांबले नव्हते.

संध्याकाळी त्यांनी अक्काला सगळं सांगितलं.

"मिरजेला जाणं बंद झालं तर दिवसभर मी करू काय रे? भिंतीकडं बघत बसू?"

"तू कधी बोलली नाहीस अक्का."

"बोलले की! पहिलं वर्षभर रोज म्हणायची, थांब जरा भूपाल, फळी येतीया. तू ऐकतोस कुठं? वर सगळी माणसं म्हणायची, भाऊ असावा तर असा. मग गप्प बसले. तुझं कौतुक मोडायचं जिवावर आलं माझ्या."

भूपालरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण केलं ती माया होती की घाई, हे इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास आधीच थांब्यावर गेले. रोजची चौघंच होती, समोरच्या दवाखान्यातल्या दोन नर्सबाई, पोस्टमन आणि फुलवाला. भूपालरावांनी एकेकाला गाठून सांगितलं, "आज अक्काला कुणी उचलू नका. फळीवरूनच चढू द्या." कारण सांगायची मात्र त्यांना लाज वाटली. चौघांनीही माना डोलावल्या.

बस आली. दार उघडलं आणि फळी हळूहळू बाहेर सरकू लागली. भूपालरावांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. एक, दोन, तीन, ते मनात मोजत होते.

"काका, कंबर धरली वाटतं तुमची?" पोस्टमन पुढे झाला. "मग सरळ सांगायचं की! एवढा संकोच कशाला? आम्ही काय परके आहोत?"

"नको, नको! खरंच नको!"

पण आपल्याकडे, चहा असो की मदत, पहिल्या दोन-तीन नकोंना कोण विचारतो! "सोडा मला, खाली ठेवा!" अक्का ओरडली. "घाबरू नका मावशी, पाडत नाही आम्ही," नर्सबाई हसून म्हणाल्या. आठ हातांनी खुर्ची अलगद वर गेली. जमिनीपासून वीतभर राहिलेली फळी थबकली आणि मुकाट्याने आत गेली. दारावर हिरवी अक्षरं उमटली, गरज नाही.

बस निघाली. खिडकीतून अक्काने भावाकडे पाहिलं नाही. ती मांडीवरच्या आपल्या दोन हातांकडे पाहत होती.

फुलवाला हात पुसत भूपालरावांजवळ आला. "काका, तुम्ही बिलकूल काळजी करू नका. उद्यापासून रोज आम्हीच उचलत जाऊ त्यांना."

त्याचा चेहरा इतका प्रेमळ होता की खरं सांगायला भूपालरावांची जीभ रेटेना.

"फार उपकार झाले," ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले.