हार्टशॉच्या गढीतलं पांघरूण

गिब क्रोझरला तुम्ही सगळे ओळखता. त्याने मला सांगितलं तसंच सांगतो. निदान प्रयत्न करतो. जन्मभर इतिहास शिकवला, तरी स्वतःच्या आठवणीवर माझी फारशी भिस्त नाही. हसू नकोस, किर्स्टी. आणि तो दिवा राहू दे.

तीन वर्षांपूर्वीची, एकोणीस एप्रिलची रात्र. मेंढ्या विण्याच्या दिवसांत अवेळी बर्फ पडला, म्हणून गिबने काही मेंढ्या हार्टशॉच्या पडक्या गढीत, तळघरात कोंडल्या होत्या. त्यातल्या एकीचं कोकरू मेलं. घरी चुलीपाशी एक पोरकं कोकरू होतंच. गिबने मेलेल्याचं कातडं सोलून त्या पोरक्याच्या अंगावर चढवलं. ओळखीचा वास आला की मेंढी पाजते.

"कोट कसा मापाचा बसलाय बघ," तो बायकोला म्हणाला.

एल्स्पेथ हसली नाही. फेब्रुवारीत त्यांचं बाळ जन्मतःच गेलं होतं.

"म्हणजे आईला फसवायचं."

"फसू दे की. एक तरी जगेल."

"मग जगव. मेलेलं घरी परत आणू नकोस."

गढीच्या वाटेवर कोकराला गारठा लागला असता. गिबने तिच्या उशाजवळच्या पेटीतली शाल मागितली. बाळासाठी तिनेच विणलेली.

"तिला हात लावायचा नाही, गिब."

तो कोकरू कोटात घालून निघाला. गढीत मेंढीने हुंगलं, आणि ढुशी मारली. पुन्हा ठेवलं, पुन्हा ढुशी. कोकराचे पाय गार पडत चालले. एवढ्यात बॅटरी विझली.

मग वास आला. ओला पेंढा जळल्याचा.

ती गढी कशी पडली, ऐकलंय ना? जुन्या काळी सीमेपलीकडच्या लुटारूंनी दाराशी ओला पेंढा पेटवला. धूर कोंडला. आतल्या आईने तान्ह्याला टोपलीत घालून खिडकीबाहेर सोडलं... खाली बर्फ. पोर उघडं.

वर पावलं वाजली.

वर मजला नाही. जिनाही नाही.

"काही पांघरायला आहे का?" बाईचा आवाज.

गिब बोलून गेला, "आहे... घरी."

मग काही नाही. बराच वेळ... काहीच नाही.

मग चुटुचुटु. अंधारात कोकरू पीत होतं.

उजाडताच तो धावत घरी आला. पेटी जागेवर होती. कडी घातलेली. एल्स्पेथचा रात्रभर डोळा लागला नव्हता. कोणी आलं नव्हतं, म्हणाली. तिने पेटी उघडली.

शाल नव्हती.

त्याने चाचरत सगळं सांगितलं. बाळ गेल्यापासून ती रडली नव्हती. तेव्हा रडली. खूप वेळ. मग म्हणाली,

"असू दे. तिचं बाळ उघडं होतं."

कोकरू जगलं. शाल सापडली नाही. एल्स्पेथनेच ती कुठेतरी ठेवली असेल, अशी शंका मला अजून येते. पण गेल्या रविवारी तिने मला पेटी दाखवली. तळाशी पेंढ्याची एक काडी आहे. टोकाला जळलेली. मी बोट लावून पाहिलं.

अजून ओली आहे.