चौथी डिश

माणसाने दोन डगरींवर हात ठेवू नये म्हणतात. मी तर दोन डगरींवर हात ठेवायच्या अभ्यासक्रमालाच नाव घातलं होतं. आधी तीन वर्षं वैद्यकीय शिक्षण, मग ते तसंच टांगून ठेवून प्रयोगशाळेत डॉक्टरेट, आणि ती पदरात पडली की परत वॉर्डात येऊन उरलेलं वैद्यकीय. असं केलं की माणूस दोनदा डॉक्टर होतो. माझ्याबरोबरचे सगळे एकदाच झाले. त्यांची लग्नं झाली, पोटं सुटली, आणि त्यांतला एक तर मला वॉर्डात शिकवायला आला. मी अजून होतच होतो.

नियम साधा होता. डॉक्टरेटला सहा वर्षं. सहावं वर्ष संपताना ठरलेल्या शुक्रवारी समितीपुढे काम मांडायचं. नाही मांडलं तर डॉक्टरेट गेली, आणि वॉर्डातली राखून ठेवलेली जागाही गेली. नऊ वर्षांनंतर हातात फक्त बारावीचं प्रमाणपत्र.

रुग्णालय आणि प्रयोगशाळा या दोन इमारती दुसऱ्या मजल्यावर एका काचबंद पुलाने जोडलेल्या होत्या. एकसष्ट पावलं. पलीकडे फिनेलचा आणि ओल्या चादरींचा वास, अलीकडे स्पिरिटचा. पुलाच्या मध्यावर एक खुंटी होती, तिथे मी एक पांढरा कोट काढून दुसरा पांढरा कोट घालत असे. दोन्ही सारखेच दिसत, पण तसा नियम होता. शिकलेलं विसरू नये म्हणून बुधवारी सकाळी वॉर्ड. बाकी सगळा वेळ पेशी.

पेशी कोंबडीच्या होत्या. अंड्यातल्या न जन्मलेल्या पिल्लाचं हृदय काढायचं, त्याच्या पेशी सुट्या करायच्या आणि काचेच्या छोट्या बशीत, म्हणजे आमच्या भाषेत डिशमध्ये, गुलाबी पोषक द्रवात वाढवायच्या. दुसऱ्या दिवशी त्या आपोआप धडधडू लागतात. धडधडताना त्या एकमेकींना नेमक्या कुठे धरतात हे मला बघायचं होतं. त्यासाठी फॉर्मेलिन घालून त्यांना होत्या तशा थिजवायचं आणि रंगवून फोटो काढायचा. जगभरात सगळ्यांच्या पेशी धडधडत. माझ्या पाच वर्षं नुसत्या पडून होत्या.

"तुझ्यावर गेल्यात," माझे मार्गदर्शक सर म्हणत.

सर मिनिटामिनिटाची नोंद ठेवायला लावत. थिजवायची वेळही ठरलेली, गुरुवारी चार दहा. कारण चार पंधराला त्यांचा चहा असे. विज्ञानात असल्या कारणांना शिस्त म्हणतात.

समितीला चार आठवडे उरले होते तेव्हाची गोष्ट. वॉर्डात मागे उभा होतो तर तो शिकवायला आलेला वर्गमित्र म्हणाला, "नुसता खांबासारखा काय उभा राहतोस? नाडी मोज. पूर्ण मिनिटभर. तेवढं तरी येतं ना अजून?"

पोरं हसली. चार नंबरच्या खाटेवर एक निवृत्त टंकलेखक होते. त्यांचं मनगट धरलं. चौऱ्याऐंशी. लिहून ठेवलं, पूल ओलांडला, कोट बदलला, आणि सवयीने डिश सूक्ष्मदर्शकाखाली घातली.

पेशी धडधडत होत्या.

सरांनी स्वतः ठोके मोजले. चौऱ्याऐंशी. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, तीही पाच वर्षांत पहिली. दुसऱ्या दिवशी चार दहाला थिजवल्या. फोटो इतका सुंदर आला की घरी नेऊन आईला दाखवला. आई छापखान्यात प्रुफं तपासायची. तिने फोटो चष्म्याजवळ धरला, चूक सापडते का पाहिलं, आणि म्हणाली, "छान आहे. सुलटा कुठून?"

पुढच्या बुधवारी चार नंबरची खाट रिकामी होती. नऊ नंबरला शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या, धाप लागलेली. नाडी एकशे बारा. दुपारी डिश एकशे बारा. मला आकडा ओळखीचा वाटला, इतकंच.

तिसऱ्या बुधवारी मित्राने दोन फायली हातात दिल्या. "तुझे दोन्ही पेशंट गेले रे. कागद पुरे कर."

मृत्यूची वेळ सिस्टरच्या स्वच्छ अक्षरात होती. गुरुवार, चार दहा. दुसऱ्या फायलीत गुरुवार, चार दहा.

ती वेळ दुसऱ्या एका वहीतही होती, माझ्या अक्षरात. वॉर्डातले लोक प्रयोगशाळेच्या वह्या वाचत नाहीत, प्रयोगशाळेतले वॉर्डाच्या फायली उघडत नाहीत. दोन्ही हातात धरणारा त्या दोन इमारतींत मी एकटाच होतो.

साधा माणूस इथे घाबरला असता आणि घरी गेला असता. मी शिकलेला होतो. मनात म्हटलं, दोघंही आधीच आजारी होती, यावरून काही ठरत नाही. ठरवायचं तर धडधाकट माणूस हवा.

मी वॉर्डभर फिरून सगळ्यांत धडधाकट माणूस निवडला. हे वाक्य लिहायला मला एकेचाळीस वर्षं लागली.

तो बसचा ड्रायव्हर होता. पायाला प्लास्टर, बाकी घोड्यासारखा. मी मनगट धरल्यावर म्हणाला, "अहो डॉक्टर, मोडलाय पाय आणि धरताय हात! पास झालात ना नक्की?"

"होतोय," मी म्हणालो.

"मग ठीक. सोमवारी घरी सोडणारेत मला. तोवर करा प्रॅक्टिस."

अडुसष्ट. डिश अडुसष्ट. गुरुवारी चार दहाला मी पिपेटने फॉर्मेलिन सोडलं आणि हात न धुताच पूल ओलांडला. कोटही बदलला नाही. त्याच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. सिस्टर घड्याळाकडे बघून फायलीत वेळ लिहीत होत्या. सर्जन म्हणाले, पायातली गुठळी फुप्फुसात गेली. होतं असं कधी कधी.

पडद्याखालून प्लास्टरचं टोक दिसत होतं. त्यावर कुणीतरी पेनाने बस काढली होती, खिडक्यांसकट.

मी सरांपुढे सगळे कागद मांडले. त्यांनी ते दोनदा वाचले.

"या तीन आठवड्यांत वॉर्डात एकूण किती गेले?"

"अकरा."

"मग उरलेल्या आठांच्या डिशा कुठायत?"

मी कागद गोळा करू लागलो.

"तीनवर तिपाई उभी राहते, बाळ. प्रबंध नाही. समिती चार मागते. चौथी कर." मग जरा खालच्या आवाजात, "झोपतोस ना नीट?"

नव्हतो झोपत. कुणाला हातच लावला नाही तर पेशी पडून राहणार, याचा पाच वर्षांचा अनुभव गाठीशी होता. लावला तर ड्रायव्हर. विचार करकरून एक मनगट सापडलं, माझं स्वतःचं. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. काही झालं नाही तर प्रबंध पुरा होत होता, आणि झालंच तर शुक्रवारी समितीला तोंड द्यावं लागणार नव्हतं. दोन्हीकडून सोय.

बुधवारी वॉर्डात आजारी असल्याचं कळवलं. निघताना बघतो तर आई स्टुलावर चढून फळीवरची पिशवी ओढत होती.

"उतर, पडशील."

"पडले तर तू आहेस की. डॉक्टर होतोयस ना?"

नऊ वर्षं ती शेजारीपाजारी हेच सांगत आली होती. मी तिला धरून खाली उतरवलं आणि बस पकडली.

प्रयोगशाळेत घड्याळ लावून स्वतःची नाडी मोजली. शहात्तर. दुपारी डिश पाहिली. ब्याण्णव, आणि दर चार ठोक्यांनंतर एक चुकलेला. मी पुन्हा स्वतःची मोजली. शहात्तर, नियमित. पुन्हा डिश. ब्याण्णव, चारनंतर खंड.

मला इतका आनंद झाला की टेबलावर डोकं टेकून मी थोडा रडलोसुद्धा. आकडे जुळत नव्हते. म्हणजे सगळा योगायोग होता. म्हणजे ड्रायव्हर गुठळीनेच गेला होता. मी त्या दिवशी नऊ तास झोपलो.

गुरुवारी पावणेचारला सर आले. पिपेट भरलेलं. मी शेवटचे ठोके मोजत होतो. एक, दोन, तीन, चार, खंड. एक, दोन, तीन, चार, खंड.

ही चाल मला माहीत होती. डोक्याला नव्हे, बोटांना.

स्टुलावरून उतरवताना मी तिला मनगटाला धरलं होतं. उजव्या हाताच्या तीन बोटांनी, अंगठ्याच्या बाजूला. नाडी धरायला शिकलेला माणूस दुसरीकडे धरतच नाही.

फोन सूक्ष्मदर्शकाशेजारच्या भिंतीवर होता. मी घरचा नंबर फिरवला.

"काय रे, या वेळी?"

"आई, डाव्या हाताची तीन बोटं उजव्या मनगटावर ठेव. अंगठ्याखाली. ठोके लागतायत?"

"लागतायत की. काय झालं?"

"मोठ्याने मोज."

मी डोळा काचेला लावला.

"एक, दोन, तीन, चार... अगंबाई, इथे एक गाळलंय. एक, दोन, तीन, चार... परत गाळलंय. ही कसली छपाई रे?"

डिशमध्ये पेशी तिच्याबरोबर आकसत होत्या. तिच्या प्रत्येक आकड्याला. ती थांबली की थांबत होत्या.

"चार नऊ," सर म्हणाले.

मी डिशवर हात धरला.

"हात काढ."

"नाही, सर."

"उद्या समिती आहे. तुझी नऊ वर्षं आहेत त्या बशीत."

"एक, दोन, तीन, चार," फोनमध्ये आई म्हणत होती.

"जाऊ देत," मी म्हणालो.

चार दहा झाले. चार अकरा. सरांनी पिपेट खाली ठेवलं. त्या दिवशी ते चहाला गेले नाहीत.

"अरे, किती वेळ मोजू?" आईने विचारलं.

शुक्रवारी मी समितीपुढे उभा राहिलो आणि तीन फोटो दाखवले. त्यांनी चौथा मागितला. झालं. सर मनाने चांगले होते, त्यांनी मला त्याच प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून चिकटवून घेतलं. आईने कारण कधी विचारलं नाही. फक्त शेजाऱ्यांना सांगायचं वाक्य दुरुस्त केलं. "डॉक्टर होता होता राहिला."

त्या पेशी पंधरा दिवसांच्या वर जगत नाहीत. सगळ्या पुस्तकांत तसं लिहिलं आहे. मी रोज दोन वाजता जुना द्रव काढून नवा गुलाबी द्रव घालतो. एकदा संपामुळे दोन दिवस जाता आलं नाही, तर द्रव पिवळा पडला होता. घरी आईच्या डोळ्यांचे पांढरे भागही. तेव्हापासून मी एकही दिवस चुकवलेला नाही. लग्न, प्रवास, रविवार, काही नाही.

आता मी अडुसष्ट वर्षांचा आहे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई मला काका म्हणतात आणि निरुपद्रवी समजतात. परवा म्हणाल्या, "काका, पुढच्या महिन्यात आपण नव्या इमारतीत जातोय. ही जुनी डिश नेणार नाही हं. काय आहे तरी काय तिच्यात?"

मी म्हणालो, "प्रबंध."

त्या हसल्या. मी नवी जागा शोधतोय. घरी तसलं उबदार कपाट बसवता येईल का, विचारून आलो. बसवलं तरी द्रव कुठून आणणार? आणि माझ्या हातांचं काय? ते थरथरतात. डाव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे. माझ्यामागे हे कोण करणार, हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या तोंडाने?

आई चौऱ्याण्णव वर्षांची आहे. अंथरुणाला खिळलेली, कातडी कागदासारखी, पण नाडी ब्याण्णव आणि चारनंतर खंड. कधी कधी ती मला ओळखते. ओळखलं की एवढंच विचारते, "मला अजून किती दिवस ठेवणार आहेस?" गेल्या महिन्यात मी फॉर्मेलिनची बाटली उघडून डिशजवळ उभा राहिलो. घड्याळाचा काटा पूर्ण फिरला. मग झाकण लावून घरी आलो.

सहा वर्षांपूर्वी तिने जेवण सोडलं. भूकच नाही म्हणाली. आधी पेज सोडली, मग दूध, मग पाणी. शेजारच्या डॉक्टरीणबाई दर महिन्याला तिचं वजन करतात आणि काटा बिघडलाय म्हणून दुसरा आणतात. सहा वर्षांत वजन एक तोळा कमी झालेलं नाही.

काल प्रयोगशाळेतून घरी पोचायला तीन वाजले. सवयीने तिच्या उशाशी बसलो आणि विचारलं, "आई, दोन चमचे दूध देऊ?"

"आता नको रे," ती म्हणाली. "मघाशी दोनला तर भरवलंस."

तिने ओठांची कड रुमालाने पुसली. रुमालावर फिकट गुलाबी ओल उमटली.

"तुझा हात हलला का रे आज? थोडं सांडलंस."