हिरव्या पाटीवरचा लाल चिखल

"थांब! बटण दाबू नकोस!"

श्रावणी एवढ्या जोरात ओरडली, की अमृतचा हात बटणापाशीच थबकला. कामथडीला, हनुमंतमामांच्या पडवीत दसऱ्याची सकाळ अजून धुक्यात पेंगत होती.

"आता काय झालं? अंडी आजच फुटायची! कॅमेरा चालू करू दे की लवकर!" मामांचा अमृत कुरकुरला.

पडवीसमोरच्या जास्वंदीत मुनियांचं घरटं होतं. जरा जवळ गेलं, की पाखरं भुर्रकन उडून जात. म्हणून भोरहून सुट्टीला येताना श्रावणीनं शाळेतला छोटा संगणक मागून आणला होता. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिला जोडायचा चिमुकला कॅमेरा आणि पडदा. कॅमेरा कालच घरट्याच्या तोंडाशी बांधून त्याची तार पडवीत आणली होती. "बिघडला, तर यापुढे कुणालाच घरी देणार नाही हं," असं नूतनबाईंनी बजावलं होतं. आणि तो घरी न्यायला अर्धा वर्ग रांगेत उभा होता!

जोडणीचे नियम श्रावणीला तोंडपाठ होते. पाटी कोरड्या लाकडावर ठेवायची, कडेनंच धरायची, सगळ्या तारा आधी आणि वीज सर्वांत शेवटी. पण त्याच्याही आधी ती पाटीकडे नुसती बघत बसे. तिला ते झोपलेलं गाव वाटे. चौकोनी घरं, चंदेरी गल्ल्या, काठाला पिनांचं कुंपण! बघता बघता ती त्या गल्ल्यांतून हिंडूनही येई. "स्वप्नं बघत बसते नुसती," असं म्हणून घरचे तिला चिडवत.

आज त्या गावात लाल चिखल झाला होता!

"हे बघ, पिनांच्या मधे. ओलं आहे! वीज लावली असतीस, तर पाटी जळालीच असती."

अमृतचा चेहरा खर्रकन उतरला. "उंदीर आला असंल?"

"हो, आणि जाताना झेंडू वाहून गेला!" श्रावणीनं टेबलाखालची पिवळी पाकळी उचलली.

दोघांनी अंगणात पाहिलं. ट्रॅक्टर, विळा, कुदळ, पाण्याची मोटर, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं!

"आप्पा!" अमृतनं कुजबुजत वडिलांचं नाव घेतलं. "पण ते कबूल व्हायचे न्हाईत. रेडिओ पाडला, तवा मांजराचं नाव घेतलं हुतं!"

"बघच तू," श्रावणी म्हणाली. मामा चहा घेऊन येताच तिनं मोठ्ठा सुस्कारा सोडला. "मामा, सगळ्या अवजारांची पूजा झाली. हा बिचारा संगणकच राहिला हो! रुसणार आता."

"ऱ्हाईल कसा?" मामा फुशारले. "पहाटंच केली म्या! पानी शिंपडून, वलं कुंकू लावून, लई झ्याक..."

"घ्या! घावला चोर!" दारातून रत्नामामी हसल्या.

"अगं, त्याचं बरं व्हावं म्हनूनच की," मामा पुटपुटले. त्यांचा तो केविलवाणा चेहरा पाहून श्रावणीला रागावताच येईना.

मामांनी तडक फटफटी काढली. श्रावणीनं पाटी कागदी खोक्यात जपून धरली. कापूरहोळचा मोबाईल दुरुस्तीवाला पूजेसाठी दुकान उघडून बसला होता. त्यानं चटकन उडून जाणारं स्पिरिट घेऊन मऊ ब्रशनं एकेक गल्ली धुतली. "काल रात्री वीज काढून ठेवली होती ना? मग वाचेल. सावलीत वाळू द्या. संध्याकाळपर्यंत वीज लावायची नाही!"

केवढी लांबली ती दुपार! पडवीत पडल्या पडल्या श्रावणीला भाताच्या वासात डुलकी लागे, आणि त्या हिरव्या गावात कुणीच दिवा लावत नाही असं स्वप्न पडे. बाईंना काय सांगायचं? ती दचकून उठे.

उन्हं कलली. तिनं गाव नीट न्याहाळलं. गल्ल्या कोरड्या! मग कॅमेरा, मग पडदा आणि सर्वांत शेवटी वीज. सगळ्यांनी श्वास रोखला.

पाटीवर इवलासा हिरवा दिवा लुकलुकला!

"लागला! दिवा लागला!" अमृतनं उडीच मारली. पडद्यावर आधी नुसता करडा अंधार होता. मग घरटं दिसलं, आणि त्यात डोळे मिटलेली, चोची वासलेली गुलाबी पिल्लं! बघतच राहिले सगळे.

मामा आत गेले आणि कुंकवाचा करंडा घेऊन आले. "मामा!" दोन्ही मुलं एकदमच ओरडली.

"आरं, शाना झालोय आता!" मामा हसले. "स्वप्नं बघती म्हनून चिडवलं तुला, पोरी. तू बघत बसलीस म्हनून तर वाचलं सारं! पर पूजा तर व्हायाच पायजे."

आणि कुंकवाचं बोट त्यांनी श्रावणीच्या कपाळाला लावलं.