चार बोटं खाली

पहिल्या अकरा किलोमीटरमध्ये तिने सात वेळा मागे वळून पाहिलं, आणि सातही वेळा तो तिथेच होता. वीसेक हात मागे. ती हळू झाली की तोही हळू, तिने जोर लावला की त्याचाही जोर. नुकतं फटफटत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आठव्यांदा मात्र ती थांबलीच, पायाचं टोक कसंबसं रस्त्याला टेकवून.

"पुढे जायचं तर जा ना! माझ्या मागे काय लागलाय?"

तोही थांबला. चष्म्यावरचं धुकं शर्टाच्या टोकाने पुसत म्हणाला, "जाता येत नाही हो. माझं कामच ते आहे. जो सगळ्यात शेवटी असेल त्याच्या मागे राहायचं. कोणी वाटेत पडलं, बसलं, रडायला लागलं तर बघायला. मला सगळे शेपूट म्हणतात."

"म्हणजे... मी सगळ्यात शेवटी आहे?"

"आत्ता तरी. अजून एकशे एकोणनव्वद किलोमीटर आहेत. आशा सोडू नका."

तिला राग यायला हवा होता. आला नाही.

पहाटे पाचला साठ जण निघाले होते. संध्याकाळी साडेसहाच्या आत दोनशे किलोमीटर पुरे करायचे, वाटेत तीन ठिकाणी कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, आणि चौथा परत आल्यावर. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नाही; वेळेत पोचलात की पोचलात. बाकीच्यांच्या सायकली हडकुळ्या, एका बोटावर उचलाव्यात अशा. तिची एकवीस वर्षांची माउंटन बाइक, दगडधोंड्यांसाठी बनवलेली. तिचे जाड टायर डांबरावर भुंग्यासारखे घुमत होते.

सायकल बाबांची. ते जमिनी मोजायचे, आणि उंच इतके की दारातून येताना सवयीने मान वाकवायचे. याच सायकलवर त्यांनी ही फेरी तीनदा करून पाहिली, आणि तिन्ही वेळा परतीच्या मोठ्या चढावर हात टेकले. टेम्पोतून सायकल उतरवताना ते आईला सांगायचे, "चढ यंदा जरा वाढलाय." चौथ्यांदा नाव नोंदवलं, आणि मार्चमध्ये ते गेले. तिने ती नोंदणी आपल्या नावावर करून घेतली. का, ते कोणाला नीट सांगता आलं नाही. पहाटे आई दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "जातेस तर पुरी करून ये. टेम्पोतून सामान उतरवायचं बळ आता माझ्यात नाही."

पहिला शिक्का झाल्यावर तो जरा जवळून चालवू लागला. बोलण्यापुरता जवळ, पण त्याचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या पुढे कधी गेलं नाही. त्यामुळे तिला तो दिसायचा नाही, नुसता उजव्या खांद्यामागून ऐकू यायचा.

"एक विचारू? ही सीट तुमची नाही ना?"

"सायकल माझीच आहे."

"सायकल असेल. सीट चार बोटं उंच आहे. पेडल खाली गेलं की तुमची कंबर हलते."

"बरंच बारीक लक्ष दिसतंय माझ्या कंबरेकडे."

मागून खोकला.

"मी... माझं चष्म्याचं दुकान आहे. दोन डोळ्यांमधलं अंतर मोजायचं, काडी कानावर नीट बसवायची... दिवसभर तेच. म्हणून दिसतं. कंबर नव्हे हो... माप!"

"बरं. माप."

तिच्या ओठांवर हसू आलं, आणि तो मागे असल्याचा तिला पहिल्यांदा फायदा झाला.

"बोल्टची किल्ली आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"सीटला हात लावायचा नाही."

हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्यानंतर त्याने विषय काढला नाही. पुढे वारा समोरून आला, शेतं संपली, नीलगिरीची रांग लागली. ती शाळेची पुस्तकं छापण्याआधी तपासायचं काम करते हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आपण दोघंही दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून डोळे फोडतो." शंभराव्या किलोमीटरवर एका शाळेच्या फाटकाशी दुसरा शिक्का मिळाला, वेळेच्या फक्त बारा मिनिटं आधी.

एकशे अठराव्या किलोमीटरला तिचा उजवा गुडघा संपावर गेला.

ती एका मोरीच्या कठड्यावर बसली. तो शेजारी बसला नाही, समोर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. पाण्याची बाटली पुढे केली.

"टेम्पो बोलवायचा?" शेवटी त्याने विचारलं. "विचारावं लागतं. नियम आहे."

"नको." मग तिने सीटखालच्या नळीकडे बोट दाखवलं. "ती रेघ दिसते? बाबांनी कानशीने केलीय. सीट कोणी खालीवर केली तर परत लावता यावी म्हणून. त्यांचं माप. मार्चपासून ती सीट कोणी हलवलेली नाही."

त्याने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सीट खाली घेतली की रेघ दिसणार नाही," ती म्हणाली.

"नाही दिसणार. नळीच्या आत जाईल." तो म्हणाला. "पण आतच राहील. जाईल कुठे?"

समोरून एक ट्रक गेला. धूळ हळूहळू खाली बसली.

"पोचल्यावर होती तिथे आणून देतो," तो म्हणाला. "अगदी रेघेवर. माझा शब्द."

त्याने खिशातून किल्ली काढली आणि स्वतः न वापरता तिच्या तळहातावर ठेवली. ती किल्ली दिवसभर त्याच्या खिशात राहून कोमट झाली होती. त्याने सायकल धरली, तिने बोल्ट सैल केला. सीट आधी हलेना. मग हलली. एक बोट, दोन... रेघ आत गेली. एवढंच झालं. तिने बोल्ट आवळून किल्ली त्याला परत दिली. ती सायकलवर बसली तेव्हा दोन्ही पावलं जमिनीला पुरती टेकली.

"कसं वाटतंय?"

"बुटकं," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. तिचे डोळे वाहत होते. त्याने ते पाहिलं, आणि चष्मा काढून पुसत बसला. काचा स्वच्छच होत्या.

मग मात्र ती सुटली. तिसऱ्या शिक्क्यानंतर तो मोठा चढ आला. इथे आपल्याला रडू कोसळेल असं तिला महिनाभर वाटत होतं. तिने गिअर बदलला, पुन्हा बदलला, श्वास मोजला. मागून आवाज नव्हता, नुसत्या साखळीची कुरकुर. माथ्यावर पोचल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "खरंच वाढलाय हो चढ."

एकशे बहात्तरला पुढे पिवळं जाकीट दिसलं. ते दातांचे डॉक्टर होते. सकाळी निघताना सगळ्यांना दात नीट घासायला सांगत होते, आता सायकल चालवताना कण्हत होते. त्यांच्यात आणि तिच्यात शंभर हातांचं अंतर उरलं, आणि तिचे पाय मंदावले.

"दमलात?" खांद्यामागून आवाज आला.

"नाही... थोडी."

"खोटं. कंबर अजिबात हलत नाहीये."

डॉक्टरांना मागे टाकलं की शेवटचे ते होणार, आणि मग हा आवाज त्यांच्या मागे राहणार. हे त्यालाही कळलं असावं, कारण पुढचं वाक्य यायला बराच वेळ लागला.

"हे बघा... तुम्ही असंच चालवलंत तर वेळ दहा मिनिटांनी चुकेल. मग मला जन्मभर वाटत राहील की माझ्यामुळे चुकलं." आवाज जरा खाली आला. "आणि मला तुमच्या बाबतीत... तसलं काही नकोय. जा."

"तुम्ही?"

"मी येतोच आहे. शेवटी येतो, पण येतो."

ती गेली. डॉक्टरांच्या शेजारून जाताना त्यांनी कण्हत हात केला. पुढचे अठ्ठावीस किलोमीटर तिने एकदाही मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबली असती.

सहा वाजून एकोणीस मिनिटांनी तिच्या कार्डावर चौथा शिक्का बसला. शाई ओली होती. तिने आईला फोन केला. "आई, चढ झाला. चालवतच घरी येतेय." पलीकडे आई बराच वेळ नाक ओढत राहिली, मग म्हणाली, "हळू ये."

मग ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. सहा पंचवीस. सव्वीस. साडेसहाला एकच मिनिट उरलं असताना पिवळं जाकीट आलं आणि त्याच्या मागे, वीस हातांवर, तो. डॉक्टर शिक्का घेऊन गवतावर आडवे झाले. त्याच्यापुढे कोणी शिक्का धरला नाही.

"तुमचं कार्ड?" तिने विचारलं.

"शेपटाला कार्ड नसतं." त्याने खिशातून किल्ली काढली आणि तिच्या सायकलशी गुडघा टेकला. "शब्द दिला होता. चार बोटं वर, बरोबर रेघेवर."

तिने सीटवर हात ठेवला.

"राहू दे."

त्याने वर पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे एवढा वेळ पाहिलं.

"पुढच्या महिन्यात तीनशेची फेरी आहे ना?" तिने विचारलं. "तेव्हा मागे... कोण असणार?"

"मी नाही."

तिने हात काढून घेतला. "अच्छा."

"मी कार्ड काढतोय," तो घाईने म्हणाला. "सहा वर्षं लोकांच्या पाठीच बघतोय. एकदा कोणाच्या तरी शेजारून चालवावं म्हणतो. म्हणजे... तिची हरकत नसेल तर. तिच्या टायरचा फार आवाज येतो, पण मला आता त्याच्याशिवाय करमणार नाही."

तिने सायकल रस्त्याकडे वळवली.

"घर पाच किलोमीटरवर आहे," ती म्हणाली. "तोपर्यंत सराव करा."

दोघं निघाली. सवयीने तो वीस हात मागे राहिला. तिने ब्रेकवर बोटं ठेवली आणि हळू होत गेली, आणखी हळू... त्याचं पुढचं चाक तिच्या पुढच्या चाकाशी येईपर्यंत.