नऊ तास आठ मिनिटं

शिवांगी आली तेव्हा रविवारी दुपारचे दोन वाजले होते आणि कोर्टाला उत्तर द्यायची मुदत सोमवारी पाचला संपत होती. ती सोफ्यावर बसली, उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. तिच्याकडे बघता बघता मोरेश्वरचाही पाय हलायला लागला.

मार्चमध्ये नोकरी गेल्यापासून मोरेश्वर बायकोचा असिस्टंट होता. म्हणजे चहा करायचा आणि चुकीचे अंदाज सांगायचे. बायकोने, मीनाक्षीने, वीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे क्लेम पकडले आणि मग फ्रिस्कोत स्वतःचं डिटेक्टिव्हचं लायसन्स काढलं. घरातले खोटे क्लेम ती त्याआधीपासूनच पकडत होती.

"मीनाक्षीताई, पार्किंग कंपनीने केस केलीय," शिवांगी म्हणाली. "प्लाझाच्या पार्किंग लॉटमध्ये दोन तास फ्री असतं. यांचं म्हणणं, दसऱ्याच्या दिवशी माझी गाडी तिथे नऊ तास आठ मिनिटं उभी होती. सकाळी नऊ चारला आत, संध्याकाळी सहा बाराला बाहेर. आधी पत्रं आली, ती मी फ्रॉड समजून टाकून दिली."

"आणि नव्हती उभी?"

"आम्ही अर्ध्या तासात निघालो. सासूबाई आणि मी पूजेचं सामान आणायला गेलो होतो."

"मग तसं लिही की."

"लिहिलंय. गाडी साडेनऊला निघाली आणि नंतर दिवसभर घरीच होती." शिवांगी पुन्हा उठली. "पण शपथेवर सही करायचीय. तीन आठवड्यांनी माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे. शपथेवर खोटं बोललात का, असं विचारतात तिथे. आणि हा सहा बाराचा फोटो. नंबर माझाच आहे. चार ते सात मी ऑफिसच्या कॉलवर होते. गाडी कोणी नेली, ताई?"

मोरेश्वरने हळूच अंदाज सांगितला. "नवरा."

"मोरेश्वर, चहा," मीनाक्षी म्हणाली.

पण शिवांगीने मान खाली घातली. तिचाही अंदाज तोच होता, आणि ती खरी तेवढ्यासाठी आली होती.

मीनाक्षीने दोन्ही फोटो शेजारी ठेवले. गाडी समोरून टिपलेली, काळीपांढरी, पुसट. सकाळचं बॉनेट कोरं होतं. संध्याकाळच्या बॉनेटवर मधोमध एक डाग होता.

"पक्ष्याने घाण केलीय," मोरेश्वर म्हणाला.

"सकाळचं नीट सांग," मीनाक्षी शिवांगीला म्हणाली. "सगळं सांग, निरर्थक वाटलं तरी."

"निरर्थकच आहे. झेंडू घेतला. आपट्याची पानं आली नव्हती, पाच वाजता येतील म्हणाला दुकानदार. फुलं पिशवीत चुरगळतात म्हणून आईंनी लॉटमध्येच तोरण ओवायला घेतलं. दोरा नव्हता, तर ग्लोव्ह बॉक्समधला डेंटल फ्लॉस वापरला. गाडीला पुढे बांधलं आणि घरी आलो. अकराला ड्राइव्हवेमध्ये पूजा. नाशिकहून गुरुजी व्हिडिओवर. पूजेचा फोटो आहे माझ्याकडे."

"तोरणाचं काय झालं?"

"दुसऱ्या दिवशी नव्हतं. उडालं असेल कुठेतरी. सकाळी मी घाईत होते. आधी बॉनेटवरचं कुंकू पुसलं. इथे ते स्वस्तिक बघून लोक भलतंच समजतात. मग गाडीत बसले तर गुडघे स्टिअरिंगला आपटले, त्यात आणखी उशीर."

मीनाक्षीने पर्स उचलली. "चल, तुझ्या घरी."

घरात शिवांगीचा नवरा परीक्षित ओट्याशी उभा होता. सहा फूट उंच, आणि महिनाभर संशयाखाली वावरल्याने थोडा वाकलेला.

"मी ऑस्टिनला होतो," विचारायच्या आधीच तो म्हणाला. "रात्री आठला घरी आलो. बोर्डिंग पास दाखवलाय हिला. ही म्हणते, बोर्डिंग पास काय, कोणीही काढतं."

"घरी आल्यावर काय केलंत?"

"आईने हातावर सोनं ठेवलं, पाया पडलो, जेवलो. यार, आम्ही नॉर्मल लोक आहोत."

त्याची आई, मालिनीताई, डायनिंग टेबलाशी मटार सोलत होत्या. जेमतेम पाच फूट उंची, पाय जमिनीला टेकत नव्हते. मागच्या भिंतीवर त्यांचा तरुणपणीचा फोटो होता: नऊवारीतल्या चार बायका आणि स्टिअरिंगवर पाचव्या, त्या स्वतः.

"जीप?" मीनाक्षीने विचारलं.

"पंचवीस वर्षं चालवली. नाशिक ते त्र्यंबक, खड्ड्यांत, पावसात."

"आणि इथे?"

मालिनीताईंनी एक शेंग जरा जोरात फोडली. "इथे मला कोण गाडी देतंय? ऑगस्टमध्ये एकदा त्या गोल चौकाला उलटा वळसा घातला. तेव्हापासून बंद. इंटरनॅशनल परमिट आहे, इन्शुरन्समध्ये नाव आहे, आणि मी मटार सोलते."

"दसऱ्याच्या संध्याकाळी?"

"घरीच. जाणार कुठे? चालत निघालं तर लोक गाडी थांबवून विचारतात, बरं आहे ना म्हणून."

मीनाक्षी देव्हाऱ्यापाशी गेली. तिथे वाटीत आपट्याची वाळकी पानं होती. मग ती गॅरेजच्या दाराशी गेली, वर बघितलं आणि परत आली. मोरेश्वरनेही जाऊन वर बघितलं. वाळलेलं झेंडूचं तोरण. तोरणात बघण्यासारखं काही नव्हतं; दोऱ्याला फक्त पुदिन्याचा वास येत होता.

घराची दुसरी किल्ली समोरच्या दीक्षाकडे असायची, म्हणून तिलाही बोलावलं. ती नागपूरची. इतकी उंच की दारात शिवांगीचं डोकं तिच्या खांद्याशी आलं.

"गाडीच्या किल्ल्या इथे दारामागेच टांगलेल्या असतात, तेव्हा माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या," दीक्षा शांतपणे म्हणाली. "पण त्या दिवशी आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी सुट्टी घेतली होती. सकाळी सातपासून हॉलवर, दोनशे खुर्च्या मांडल्या. साक्षीला दोनशे माणसं आहेत, खुर्च्यांची काही खात्री नाही."

"परत कधी आलीस?"

"सातला. खीर द्यायला आले, तर मावशी गॅरेजच्या दाराशी स्टुलावर चढून काही बांधत होत्या. म्हटलं मावशी, पडाल ना जी. तर म्हणाल्या, खीर ठेव आणि जा."

मटार सोलणारे हात थांबले.

"सगळे बसा," मीनाक्षी म्हणाली. शिवांगी उभीच राहिली.

"पहिला फोटो, बॉनेट कोरं. दुसरा फोटो, बॉनेटवर डाग. मोरेश्वर म्हणतो, पक्षी. पक्षी इतकं काटकोनात काम करत नाहीत. ते स्वस्तिक आहे. ते अकराला या ड्राइव्हवेमध्ये काढलं. म्हणजे गाडी मधे घरी आली होती. कंपनीचे नऊ तास इथेच संपले."

"मग साडेनऊला बाहेर पडताना कॅमेऱ्याने का नाही टिपलं?" परीक्षितने विचारलं.

"कॅमेरा पुढची नंबर प्लेट वाचतो. प्लेटवर तोरण होतं. कॅमेऱ्याच्या लेखी गाडी बाहेर पडलीच नाही."

मोरेश्वरला एकदम उजेड पडला. "आणि संध्याकाळी आत शिरतानाही तोरणच!"

"शाबास. आत शिरताना तोरण होतं, निघताना नव्हतं. म्हणून फक्त निघताना दिसली. तोरण उडालं असतं तर ते हायवेवर असतं. ते तुमच्या गॅरेजच्या दारावर आहे, डेंटल फ्लॉसवर ओवलेलं. दसऱ्याला दारावर तोरण असतंच, म्हणून कोणी दोरा बघितला नाही. म्हणजे ज्याने सोडलं, त्यानेच ते जपून घरी आणलं."



"गाडी नेणाऱ्याने सीट पुढे ओढली, म्हणून दुसऱ्या दिवशी शिवांगीचे गुडघे आपटले. परीक्षितला ती मागे ढकलावी लागली असती, दीक्षालाही. नेलं कशाला, तर पाच वाजता येणाऱ्या एका वस्तूसाठी. ती देव्हाऱ्यात आहे. रात्री आठला परीक्षितच्या हातावर सोनं ठेवलं. ते कुठून आलं, हे या घरात कोणी विचारलं नाही."

"मला वाटलं शिवांगीने आणलं," परीक्षित म्हणाला.

"मला वाटलं तू," शिवांगी म्हणाली.

मालिनीताईंनी मटारांची वाटी बाजूला सारली.

"चाळीस मिनिटं लागली," त्या म्हणाल्या. "याच्या हातावर सोनं ठेवल्याशिवाय एक दसरा गेला नाही. हा विमानात, तू कॉलवर. कोणाला म्हणणार होते, मला सोडा? आणि नंतर सांगितलं असतं तर किल्ल्यासुद्धा लपवल्या असत्या तुम्ही." मग जरा थांबून म्हणाल्या, "हे कोर्टापर्यंत जाईल, तुम्ही दोघं बोलायचं थांबाल, हे नव्हतं माहीत. रोज वाटायचं, आज सांगू."

"तोरण का सोडलंत?" मीनाक्षीने विचारलं.

"तिथला वॉचमन म्हणाला, नंबर झाकणं बेकायदा आहे. म्हटलं, परक्या देशात आहोत, कायदा पाळावा."

"दिवसभरात एकदा कायदा पाळलात," मीनाक्षी म्हणाली, "आणि कॅमेऱ्याने तेवढंच पाहिलं."

शिवांगी अखेर खुर्चीवर बसली. लॅपटॉप उघडून तिने 'नंतर दिवसभर घरीच होती' ही ओळ खोडली. त्या जागी दोन फेऱ्या लिहिल्या, पूजेचा फोटो जोडला, साक्षीदार म्हणून सासूचं नाव घातलं. मग सही केली.  परीक्षितकडे न बघता तिने त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. तो एका घोटात प्यायला.

"आई, तारीख लागली तर कोर्टात यावं लागेल. तोपर्यंत तुमचं परतीचं तिकीट पुढे ढकलू," ती म्हणाली.

"येईन की. नेणार कोण?"

शिवांगीने दारामागची किल्ली काढून मटारांच्या वाटीशेजारी ठेवली.

मालिनीताईंनी किल्ली मुठीत घेतली. "कोर्टाच्या वाटेवर गोल चौक लागतो?"

"दोन."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पर्समध्ये लांबचा चष्मा शोधू लागल्या.