दरीतला चंद्रपतंग

आम्हाला चंद्रपतंगाचा एक फोटो हवा होता. फक्त एक! अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या त्या राखीव दरीच्या तोंडाशी एका कंपनीला दिव्यांनी लखलखणारं रिसॉर्ट बांधायचं होतं. "दरीत दुर्मीळ काही असेल तर पुरावा आणा," असं वनखात्याचे साहेब म्हणाले होते. गेल्या पावसाळ्यात तो फुलपाखरासारखा, रात्री उडणारा, फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा पतंग मी डोळ्यांनी पाहिला होता. पण माझ्या, प्राध्यापिका यास्मिनच्या, डोळ्यांना कोण विचारतो? रिसॉर्टला मंजुरी मिळण्याआधीची ही शेवटची संधी होती.

वनखात्याचे कारभारीमामा, माझा सहकारी सुदर्शन आणि मी बॅटरीचं धूड वाहत निसरड्या कड्यावरून उतरलो. वाटेतच माझा फोन डबक्यात पडून बंद पडला. मामांचा फोन साधा बटणांचा, कॅमेरा नसलेला. नाल्याकाठी दोन झाडांमध्ये पांढरी चादर ताणली, समोर दिवा लावला. अशा प्रकाशसापळ्याजवळ दुसरा उजेड चालत नाही, पाखरं तिकडे फाकतात. आणि नाल्यापलीकडच्या वनखात्याच्या चौकीवर नेमका एक बल्ब जळत होता!

"सुदर्शन, तेवढा बंद करून ये. येताना टॉर्च लावू नकोस."

"मॅडम, वर लई पाऊस दिसतोय," मामा म्हणाले. "नाल्याचं काय खरं नाय."

"हा गेलो, हा आलो!" सुदर्शन पाठीवरच्या कॅमेऱ्याच्या बॅगेसकट निघालासुद्धा.

बल्ब विझला. चादर पाखरांनी भरू लागली. आणि तो आला! तळहाताएवढा, फिकट हिरवा. चादरीवर निवांत बसला. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात दरी घुमली. लोंढा!

"मॅडम!" नाल्याच्या मधोमधून किंकाळी आली. काळोखात काही दिसेना.

मी पतंगाकडे एकदा पाहिलं, बॅटरीसकट दिवा उचलला आणि धावले. मामांनी दोर फेकला. हुकला! पुन्हा फेकला. उजेडात सुदर्शनचा हात दिसला, आणि उजेडामागे आलेला चंद्रपतंगही. दिव्यावर धडकला, गरगरला, पाण्यात गेला. माझे दोन्ही हात दिव्यात अडकलेले होते.

सुदर्शनला ओढून काढलं. बॅग वाहून गेली होती.

"आला होता का?" कुडकुडत त्यानं विचारलं.

"आला होता."

तो मान खाली घालून बसला. तो वाचला याचा आनंद झाला, आणि तरी त्याचाच संताप आला. पाठवलं मी होतं, तरी!

"मी पाह्यला ना मॅडम," मामा म्हणाले. "सांगतो की सायबाला."

"गेल्या वर्षी मीही सांगितलं होतं, मामा."

पाणी ओसरल्यावर मामा चौकीवरचा बल्ब लावायला निघाले. मी अडवलं नाही. आता अंधार कुणासाठी राखायचा होता?